चुलीमागची भिंत



मागच्या वर्षी या वार्तापत्रात झिंगानूरकडच्या एका टोल्यावरच्या स्वयंपाकघराचे छायाचित्र आले होते. चूल, चुलीमागे पांढऱ्या टाइल्स आणि शेजारी हसत उभी असलेली म्हातारी. ते छायाचित्र तुम्हाला फार आवडले. अनेकांची पत्रे आणि फोन आले. "आमच्या बाथरूमचे काम झाले, दोन खोकी टाइल्स उरल्या आहेत, पाठवू का?" असे कितीतरी जणांनी विचारले. काहींनी तर न विचारताच पाठवल्या. त्या सिरोंच्याच्या खोलीत भिंतीला लागून रचून ठेवल्या आहेत.

उत्तर द्यायला मला उशीर झाला. कारण असे की, त्या छायाचित्रातली भिंत आम्ही पुढे फोडून काढली. त्या टाइल्स मी स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या. तशाच आणखी पाच घरांत लावल्या होत्या. काय चुकले आणि आता आम्ही ते कसे करतो, हे आज सविस्तर लिहिते. टाइल्स पाठवणाऱ्यांनी ते वाचावेच. ज्यांच्या स्वतःच्या गावाकडच्या घरात अजून चूल आहे, त्यांनीही वाचावे.

आमच्या भागातली जुनी घरे कुडाची असतात. सागवानी खांब, मध्ये बांबूच्या कमच्या विणून केलेला तट्टा, त्यावर दोन्ही बाजूंनी माती, तणस आणि शेणाचे लिंपण, वर कवेलू. चूल बहुधा भिंतीला अगदी लागून. चुलीमागची भिंत दरवर्षी काजळीने काळी होते आणि घरची बाई दरवर्षी तिच्यावर मातीचा नवा हात फिरवते. वीस-पंचवीस वर्षांच्या घरात चुलीमागे मातीचा थर चांगला दोन-अडीच इंच झालेला असतो, वेडावाकडा, पोट सुटल्यासारखा. मला तो ओबडधोबडपणाच वाटायचा.

टाइल्सची मागणी बायकांनीच केली होती, हे आधी सांगते. शहरातले काही जण म्हणतात की मातीचे घर किती सुंदर, त्याला टाइल कशाला. त्यांनी एकदा पावसाळ्यात ओल्या सरपणावर स्वयंपाक करावा आणि मग ती भिंत पुसून दाखवावी. टाइल फडक्याने पुसता येते. आपल्या घरात एक तरी जागा धुऊन स्वच्छ दिसावी, असे बाईला वाटत असेल तर त्यात चूक काहीच नाही.

चूक माझी होती. टाइल सपाट बसावी म्हणून मी तो मातीचा जाड थर खरवडून काढला, पार कमच्या दिसेपर्यंत. तट्ट्यावर खिळ्यांनी लोखंडी जाळी ठोकली, तिच्यावर अर्धा इंच सिमेंट मारले आणि त्यावर टाइल्स चिकटवल्या. भिंत गुळगुळीत झाली. छायाचित्र काढले. टाइल जळत नाही, म्हणजे आता भिंतीला विस्तवाची भीती नाही, असे मी सगळ्यांना सांगितलेही.

दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरात, त्याच घरी संध्याकाळी गेले होते. म्हातारीला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. चुलीवर भात होता. पलीकडच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकवून, अव्वाने नातवाचे अंथरूण घातले होते. मी म्हटले, "अव्वा, पोराला इथे कशाला निजवता, खाली गार आहे."

ती म्हणाली, "गार नाही बाई. तुमची भिंत गरम राहते. पोरगा रातभर रडत नाही."

मी भिंतीला हात लावला. मला तो फार वेळ ठेवता आला नाही. पलीकडच्या बाजूचे लिंपण बारीक तडकले होते आणि जवळ नाक नेले की करपल्यासारखा वास येत होता. अव्वाला त्या वासाची सवय झाली होती. चुलीच्या घरात करपल्याचा वास नवा नसतो.

त्या रात्री पोराचे अंथरूण हलवले, चूल विझवली आणि सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन टाइल्स काढल्या. चुलीच्या बरोबर वर, सुमारे सुपाएवढ्या जागेत, कमच्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. बोटाने दाबल्या की भुगा पडत होता. खिळ्यांच्या भोवतीच्या जागा सर्वांत जास्त जळलेल्या. आठवडाभरात बाकीच्या पाच घरांच्या भिंती उघडल्या. त्यांतल्या दोन घरांत हेच होते, तीन घरांत नव्हते. त्या तिघींच्या चुली भिंतीपासून जरा पुढे होत्या, त्यात माझे श्रेय काही नाही.

असे का झाले, ते समजून घेऊ. टाइल जळत नाही हे खरे. पण न जळणे वेगळे आणि उष्णता अडवणे वेगळे. तव्यालाही आग लागत नाही, तरी त्यावर भाकरी भाजतेच. माती आणि तणस यांच्या थरातून उष्णता सावकाश जाते, कारण तणशीत आणि मातीत बारीक हवा अडकलेली असते. सिमेंट आणि टाइल घट्ट असतात, त्यांतून ती लवकर पुढे जाते. लोखंडी खिळा तर ती थेट बांबूच्या पोटात नेऊन सोडतो. म्हणजे अव्वाच्या सासूपासून बायकांनी वर्षानुवर्षे घातलेला जो थर मी ओबडधोबड म्हणून काढला, तीच त्या घराची ढाल होती.

दुसरी गोष्ट बांबूची. कोरडे लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि टाइलमागे एवढे तापमान एका दिवसात होत नाही. पण रोज दोन वेळा, महिनोन्‌महिने तापत राहिलेले लाकूड आतून बदलते. त्यातले पाणी आणि वायू निघून जातात, ते हळूहळू कोळसा होत जाते आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेलाही धुमसू शकते. बाहेरून टाइल पांढरीशुभ्र असते, त्यामुळे हे कोणाला दिसत नाही. मातीची भिंत निदान तडकून, पडून सांगते तरी.

थंड देशांत घरात लाकडाच्या लोखंडी शेगड्या असतात. तिथेही लोक शेगडीमागच्या लाकडी भिंतीला हौसेने टाइल लावतात आणि हीच चूक करतात. म्हणून तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत अंतरे ठरवलेली आहेत. अमेरिकेतला नेहमीचा नियम असा: उघड्या, जळू शकणाऱ्या भिंतीपासून साधी शेगडी ३६ इंच दूर हवी. मध्ये साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत त्या भिंतीला चिकटवून बांधली, तर अंतर २४ इंचांपर्यंत आणता येते. पण तीच विटांची भिंत मागच्या भिंतीपासून एक इंच सोडून बांधली आणि त्या फटीत खालून-वरून हवा खेळू दिली, तर १२ इंच पुरतात. वीट तीच, जाडी तीच. फरक फक्त एका इंचाच्या मोकळ्या हवेचा. फटीतली हवा तापते, वर निघून जाते, खालून गार हवा येते, आणि मागच्या भिंतीपर्यंत उष्णता फार कमी पोचते. आमची चूल म्हणजे लोखंडी शेगडी नव्हे, ती मातीची आणि बुटकी. म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. पण फटीचे तत्त्व तेच राहते.

थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना अनुवाद २२:८ हे वचन आम्ही वर्गात एका मिनिटात ओलांडले होते. नवे घर बांधाल तर धाब्याला कठडा करा, नाहीतर कोणी पडले तर दोष तुमच्या घरावर येईल, अशी ती आज्ञा आहे. आजूबाजूला पक्ष्यांची घरटी, शेतात मिसळून पेरायचे बी, असे फुटकळ नियम. त्यामुळे परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. त्या डिसेंबरात मला ते पुन्हा उघडावे लागले. तिथे पडणाऱ्याने सांभाळून चालावे असे म्हटलेले नाही. कोणी पडायच्या आधी, बांधणाऱ्याने कठडा करायचा आहे. अव्वाने भिंतीला हात लावून पाहायला हवा होता, असे मी एकदा मनात म्हटले होते. ते वाक्य मला मागे घ्यावे लागले.

आता कामाची रीत. हे काम घरची माणसे दोन-तीन दिवसांत करू शकतात. गवंडी मिळाला तर उत्तम, पण आमच्याकडे तो धानाच्या हंगामात मिळत नाही.

पहिली गोष्ट, कुडाच्या भिंतीवरची जुनी माती काढू नका. उलट जिथे तडे आहेत तिथे आणखी लिंपा. कमच्या काळ्या पडलेल्या असतील तर तेवढा तट्टा कापून नवा घाला. कोळसा झालेल्या बांबूवर लिंपण करून झाकणे म्हणजे माझीच चूक पुन्हा करणे.

मग कुडापासून दोन इंच सोडून, फक्त चुलीपुरती, अर्ध्या विटेची म्हणजे चार इंच जाडीची आडभिंत बांधायची. एक इंच फट पुरते, पण आपल्या ओळंब्याचा आणि डोळ्याचा भरवसा किती, म्हणून दोन. चुलीच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट जास्त धरली तर रुंदी पाच फूट होते, उंचीही पाच फूट ठेवावी. एवढ्याला सुमारे ११० विटा लागतात. फुटतूट धरून १२५ आणा. पाया म्हणून जमीन वीतभर खोल खणून, ठोकून, विटेचा एक आडवा थर द्या. दर्जा मातीनेच भरा: दोन पाट्या चिकण माती, एक पाटी रेती. विस्तवाजवळ माती सिमेंटपेक्षा जास्त टिकते. समोरच्या बाजूने दर्जा अर्धा इंच कोरून ठेवा, पुढे गिलावा तिथे धरतो.

फट मोकळी ठेवण्याची एक सोपी युक्ती आहे. दोन इंच जाडीची फळी फटीत उभी ठेवायची, तिच्या आधाराने थर चढवायचे आणि भिंत वर जाईल तशी फळी वर ओढायची. फटीत पडलेला मातीचा लगदा फळीबरोबर निघून येतो. नाहीतर तो आत साचून दोन्ही भिंतींना जोडतो आणि उष्णतेला पूल मिळतो. सर्वांत खालच्या थरात दर तिसऱ्या विटेनंतर एक जागा मोकळी सोडा आणि तिथे बारीक जाळी बसवा. वरचे तोंड उघडेच राहू द्या, त्यालाही जाळी लावा. जाळी विसरलात तर महिनाभरात आत उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, आणि मग घरची माणसे ती फट मातीने बुजवून टाकतात. त्यांना दोष देता येत नाही.

चार इंची भिंत एकटी उभी राहिली तर हलते. म्हणून दोन्ही टोकांना ती नऊ इंचांनी पुढे वळवा, इंग्रजी यू अक्षरासारखी. वरच्या कोपऱ्यांत, चुलीपासून दूर, तारेने सागवानी खांबाला बांधा. मध्यभागी कुडाशी तिचा कुठेही संबंध नको, खिळा नको, तार नको.

चूल या नव्या भिंतीपासून निदान एक वीत पुढे घ्या. बायकांना हे आवडत नाही, कारण जागा जाते. माझे म्हणणे असे की बाकी सगळे राहिले तरी चालेल, पण चूल पुढे घ्याच. एक रुपया खर्च नाही आणि माझ्या सहापैकी तीन घरे केवळ त्यामुळे वाचली होती.

इथपर्यंत आले की घर सुरक्षित झाले. टाइल नाही लावली, नुसते मातीने गुळगुळीत सारवले, तरी चालते. ज्या घरात विटांइतकेही पैसे नाहीत तिथे छपराचा जुना टिनपत्राही चालतो. त्याच्या आणि कुडाच्या मध्ये लोखंडी नळीचे इंच-दीड इंचाचे तुकडे ठेवून, खालून-वरून मोकळा सोडून, कडेच्या खांबांना बसवायचा. सिमेंटचा जुना पत्रा मात्र वापरू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. कापताना त्याची धूळ फुफ्फुसात जाते, आणि जास्त तापला की तो फटाफट फुटतो. नदीतले गोटेही चुलीजवळ नकोत. पाणी मुरलेला गोटा तापला की उडतो.

टाइल लावायचीच असेल तर विटांच्या भिंतीवर एक भाग सिमेंट, चार भाग रेती असा अर्धा इंचाचा गिलावा करा आणि तो खरबरीत ठेवा. खालचा एक फूट, जिथे जाळ थेट लागतो, तिथे टाइल नकोच. तिथे मातीच राहू द्या. तापलेल्या टाइलवर भाताची पेज उतू जाऊन पडली की ती तडकते. वरच्या चार फुटांना आठ बाय बारा इंचांच्या लहान टाइल्स ३० लागतात. तुकडे करायचे म्हणून ३५ धरा. मोठ्या टाइल्स दिसायला छान, पण एक तडकली की अर्धी भिंत जाते.

लावायची टाइल भिंतीची, पाणी पिणारी हवी. ओळखायची खूण: मागच्या लाल किंवा पांढऱ्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. शोषला गेला तर ती आमच्या कामाची. तसाच राहिला तर ती जमिनीची व्हिट्रिफाइड टाइल. ती साध्या सिमेंटला नीट धरत नाही, आणि चुलीच्या उष्णतेने काही महिन्यांत निसटून भांड्यात पडते. पाणी पिणाऱ्या टाइल्स बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा, बाहेर काढून निथळू द्या आणि मग लावा. कोरडी टाइल सिमेंटचे पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते.

पहिली ओळ खाली घसरू नये म्हणून एक सरळ पट्टी समपातळीत आडवी ठोका आणि तिच्यावर टाइल्स टेकवा. सिमेंट पूर्ण पाठीला लावा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये पोकळ, असे करू नका; पोकळ जागेवरची टाइल आधी तडकते. वाळल्यावर रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहा, बद्द आवाज आला तर काढून पुन्हा लावा. दोन टाइल्समध्ये आगकाडीएवढी फट ठेवा, कारण तापल्यावर त्या किंचित फुगतात. ही फट दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटने भरा. आठवडाभर भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. तोवर स्वयंपाक अंगणात. पहिले चार-पाच दिवस चूल मंद पेटवा, लगेच लग्नाचा स्वयंपाक काढू नका.

आणि फट म्हणजे फडताळ नव्हे. एका घरी महिनाभराने बघायला गेले तर वरच्या तोंडाची जाळी वाकवून आत आगपेटी, फणी आणि रॉकेलची बाटली ठेवलेली. सरपणही तिथे सुकायला खोचतात. दर अमावास्येला काठी घालून फट मोकळी आहे का ते बघायचे, असे आम्ही आता ठरवून दिले आहे. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, अमावास्या राहते.

तुमच्यापैकी काही जण विचारतील की उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, मग चूल अजून कशाला? सिलिंडर आहेत. बऱ्याच घरांत आहेत. पण तो भरून आणायला पैसे लागतात आणि वाहन लागते. अंघोळीचे पाणी, पाहुण्यांचा भात, हे गॅसवर कोणी करत नाही. चूल आहे आणि अजून बरीच वर्षे राहील. तेव्हा धुराचेही बोलायला हवे, कारण टाइलने धूर कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. लहान मुलांचा न्यूमोनिया गावपातळीवर ओळखून वाचवता येतो, हे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच गडचिरोली जिल्ह्यात दाखवले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या न्यूमोनियाला चुलीचा धूर हातभार लावतो. म्हणून आडभिंत बांधतानाच चुलीवरच्या छपरात दोन कवेलू उचलून धुराला वाट करून देणे, आणि जमल्यास धुराड्याची चूल घालणे, हे आम्ही एकत्रच करतो. त्यावर पुढे कधी तरी स्वतंत्र लिहीन.

आता तुमच्या टाइल्सविषयी. आलेल्या खोक्यांतली जवळजवळ निम्मी व्हिट्रिफाइड आहेत. ती परत पाठवण्याचा खर्च टाइल्सपेक्षा जास्त, म्हणून त्या वसतिगृहाच्या न्हाणीघराच्या जमिनीला वापरत आहोत. पुढे टाइल्स पाठवणार असाल तर आधी पाठीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. आणि मनापासून सांगते, टाइल्सपेक्षा एका घराच्या १२५ विटांचे पैसे पाठवलेत तर आम्हाला जास्त उपयोगी पडतात. विटांच्या भिंतीचे छायाचित्र फारसे छान येत नाही, तेवढे समजून घ्या.

सहाही घरांत आता आडभिंती झाल्या आहेत. चौघींनी टाइल लावून घेतली. एकीने नको म्हटले, मातीवरच पांढऱ्या चुन्याची नक्षी काढली. अव्वाकडे मागच्या पौषात गेले होते. चूल पेटलेली होती. मी पलीकडच्या खोलीत जाऊन कुडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भिंत थंडगार होती.

अव्वा मात्र माझ्यावर रागावली होती. "आता भिंत काही गरम होत नाही बाई. पोरगा रात्री उठतो." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "कांबळ आणलं का?"

त्या दिवशी आणले नव्हते. पुढच्या बुधवारी नेऊन दिले.